वास्तू आणि वस्तू : मराठवाड्यातील ऐतिहासिक वारशाच्या जतनविचाराची चिकित्सा (मुखेड, कंधार व होट्टल परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

नांदेड जिल्ह्यातील मुखेड, कंधार, देगलूर व बिलोली हे तालुके आणि लातूर जिल्ह्यातील उदगीर, औसा, निलंगा हा परिसर ऐतिहासिक वास्तूंच्या दृष्टीने संपन्न आहे. मुखेडचे दशरथेश्वर मंदिर आणि देगलूर तालुक्यातील होट्टल येथील सिद्धेश्वरादी मंदिरे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातील मंदिरस्थापत्याची साक्ष देतात. कंधारच्या किल्ल्यात व परिसरात राष्ट्रकूटांपासून निजामापर्यंतच्या राजवटींच्या खुणा आढळतात. बिलोलीची दगडी मशीद, उदगीर व औसा येथील भुईकोट किल्ले यांचीही यात भर पडते. या वास्तूंविषयी आजवर जे लेखन झाले ते मुख्यतः इतिहासाच्या व मूर्तिशास्त्राच्या अंगाने झाले. वास्तू कोणी बांधली, कोणत्या शतकात बांधली, तिच्यावर कोणती शिल्पे आहेत, हे प्रश्न त्यात प्रामुख्याने येतात. ही वास्तू टिकेल कशी आणि तिच्या आश्रयाने असलेल्या मूर्ती, शिलालेख, पोथ्या व अन्य वस्तूंचे काय होईल, हा प्रश्न मात्र बहुधा लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात, खंत व्यक्त करण्यापुरता येतो.

प्रस्तुत लेखात या खंतीचीच चिकित्सा करण्याचा प्रयत्न आहे. 'लोकांचे अज्ञान व शासनाची अनास्था' हे वारशाच्या दुरवस्थेचे सर्वत्र दिले जाणारे कारण अपुरे आहे. वास्तू आणि तिच्यातील वस्तू यांचा वेगवेगळा विचार करणारी कायद्याची, संग्रहालयाची व अभ्यासाची पद्धती हे त्याहून मूलभूत कारण आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. दुरुस्ती, जीर्णोद्धार आणि जतन :

मराठीत या विषयासाठी तीन शब्द सैलपणे वापरले जातात. दुरुस्ती म्हणजे मोडलेले पुन्हा उपयोगात आणणे. जीर्णोद्धार म्हणजे जीर्ण झालेल्या देवस्थानाला पुन्हा प्रतिष्ठा देणे. जतन म्हणजे आहे ते, आहे त्या स्थितीत, शक्य तितका काळ टिकविणे. जीर्णोद्धाराची संकल्पना भारतीय परंपरेत प्राचीन असून अग्निपुराणासारख्या ग्रंथांत तिचा स्वतंत्र विचार आहे. जतनाचा आधुनिक विचार मात्र एकोणिसाव्या शतकातील युरोपीय चर्चेतून आला. विल्यम मॉरिस याने १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. जुन्या इमारतीला कल्पनेने मूळ रूप देण्यापेक्षा तिची नित्य निगा राखावी, ही तिची भूमिका होती. जॉन मार्शल यांच्या १९२३ च्या संवर्धनविषयक मार्गदर्शिकेतून हाच दृष्टिकोन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यपद्धतीत रुजला. १९६४ च्या व्हेनिस सनदेने त्याला आंतरराष्ट्रीय स्वरूप दिले.

या दोन विचारांना परस्परविरोधी मानण्याचा प्रघात आहे. पाश्चात्त्य जतनविचार वास्तूला मृत मानतो व भारतीय जीर्णोद्धारविचार तिला जिवंत मानतो, अशी मांडणी वारंवार केली जाते. मराठवाड्यातील प्रत्यक्ष उदाहरणे पाहता ही मांडणी टिकत नाही. औंढा नागनाथ येथील मंदिराचा खालचा भाग यादवकालीन असून वरचा भाग उत्तरकाळात बांधलेला आहे. जीर्णोद्धार करणाऱ्यांनी खालच्या शिल्पांची नक्कल केली नाही. शिल्लक राहिलेले मूळ काम जागेवर ठेवले व त्यावर आपल्या काळाच्या पद्धतीने बांधकाम केले. त्यामुळे जुने कोठे संपते व नवे कोठे सुरू होते, हे सामान्य दर्शकालाही ओळखता येते. नवी भर मूळ भागापासून वेगळी ओळखू यावी, असे व्हेनिस सनदही सांगते. हेतू भिन्न असले तरी परिणामाच्या दृष्टीने जुना जीर्णोद्धार आणि आधुनिक जतन येथे एकत्र येतात.

आजचा बहुतांश जीर्णोद्धार या दोन्ही कसोट्यांवर उतरत नाही. गाभाऱ्याला चकचकीत फरशी, सभामंडपाच्या खांबांना ऑइल पेंट, दगडांच्या सांध्यांत सिमेंट आणि शिखरावर साच्यातून काढलेल्या मूर्ती, हे त्याचे नेहमीचे स्वरूप आहे. तो परंपरेच्या नावाने चालत असला तरी परंपरेतील जीर्णोद्धाराची जी शिस्त होती ती त्यात दिसत नाही. म्हणून अशा कामांवर टीका करताना परंपरेविरुद्ध आधुनिकता असा पवित्रा घेणे चुकीचे ठरते.

'हेमाडपंती' या सरसकट वापरल्या जाणाऱ्या शब्दाचाही येथे उल्लेख करावा लागतो. हेमाद्री हा तेराव्या शतकातील यादवांचा प्रधान. मुखेड व होट्टल येथील मंदिरांची घडण त्याच्या पूर्वीच्या चालुक्य परंपरेतील आहे. तरीही माहितीफलकांवर व वृत्तपत्रांत दगडी मंदिर दिसले की ते हेमाडपंती ठरते. हा केवळ कालनिर्णयाचा दोष नाही. सर्व मंदिरे एकसारखी मानली की दुरुस्तीही एकसारखी होते आणि प्रत्येक वास्तूचे वैशिष्ट्य दुरुस्तीतच पुसले जाते.

२. 'अज्ञान' या आरोपाची मर्यादा :

शेंदूर, तेल, रंग व सिमेंट यांमुळे शिल्पांची हानी होते, हे निर्विवाद आहे. बेसाल्टच्या घडीव दगडांच्या मंदिरांत पाणी सांध्यांतून आत जाते आणि तेथूनच बाहेर पडते. चुन्याची दर्जा सच्छिद्र असल्याने ओल बाहेर पडू देते. सिमेंटची दर्जा कठीण व घट्ट असल्याने ओल आत कोंडते, क्षार दगडाच्या पृष्ठाशी जमा होतात आणि कोरीव कामाचे पापुद्रे सुटू लागतात. पायाखालची काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. या हालचालीत चुन्याचे काम थोडे सरकते, सिमेंटचे काम मात्र दगडालाच तडा देते. वड-पिंपळाची मुळे सांध्यांत शिरली की शिखराचे थर अलग होतात.

परंतु हे करणारा समाज अज्ञानी आहे, एवढे म्हणून भागत नाही. शेंदूर लावणे व रंग देणे ही त्याच्या दृष्टीने मूर्तीची निगाच असते. मूर्ती काळवंडलेली राहू नये, गाभाऱ्यात पाणी साचू नये, देवळाला कळा यावी, ही भावना त्यामागे असते. ज्या मंदिराकडे कोणी फिरकत नाही त्यापेक्षा असे मंदिर अनेकदा अधिक काळ टिकते.

दुसरीकडे, तज्ज्ञांच्या हातूनही हानी झाली आहे. हैदराबाद संस्थानात १९१४ मध्ये पुरातत्त्व विभाग स्थापन झाला व गुलाम याझदानी यांच्या नेतृत्वाखाली त्याने मोलाचे कार्य केले. याच विभागाच्या काळात १९२० नंतर अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनासाठी चेक्कोनी व ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ आणले गेले. सुटलेले रंगलेप स्थिर करण्याचे त्यांचे काम महत्त्वाचे होते. तथापि चित्रांवर लावलेला लाखेचा थर पुढे पिवळसर-काळपट झाला आणि तो काढण्याचे जिकिरीचे काम पुढील पिढ्यांना करावे लागले. त्या काळच्या उत्तम ज्ञानानुसार केलेला उपायही पुढे अपाय ठरू शकतो, हा यातील बोध आहे. केलेला उपाय पुढे काढून टाकता आला पाहिजे, हे तत्त्व आज जतनशास्त्रात मान्य झाले ते अशाच अनुभवांतून. म्हणून ग्रामस्थांचा शेंदूर हे अज्ञान आणि तज्ज्ञाचा लेप हे विज्ञान, अशी विभागणी सोयीची असली तरी न्याय्य नाही. दोहोंना एकच प्रश्न विचारला पाहिजे : जे लावले ते मूळ द्रव्याला न दुखावता काढता येईल काय?

श्रद्धा आणि शास्त्र यांचा मेळ बसू शकतो, याचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातील वणीच्या सप्तशृंगी देवीचे आहे. २०२२ मध्ये तेथे काही आठवडे दर्शन बंद ठेवून मूर्तीवर वर्षानुवर्षे साचलेला शेंदराचा जाड थर काढण्यात आला आणि मूळ स्वरूप प्रकटले. राज्यातील एका प्रमुख शक्तिपीठात हे घडू शकते, तर तालुक्याच्या गावातील मंदिरातही घडू शकते. त्यासाठी विश्वस्त, पुजारी व भाविक यांची संमती प्रारंभीच घ्यावी लागते. नियमाचा फलक लावून ती मिळत नाही.

३. कायद्याच्या दोन खिडक्या :

वास्तूंच्या रक्षणासाठी केंद्राचा १९५८ चा व महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे. पुरावस्तूंसाठी १९७२ चा कायदा असून तो १९७६ मध्ये अमलात आला. जमिनीत सापडणाऱ्या वस्तूंसाठी १८७८ चा निखात निधी कायदा आजही आधारभूत आहे. वरकरणी ही रचना परिपूर्ण वाटते. प्रत्यक्षात ती वास्तूसाठी एक व वस्तूसाठी दुसरी अशा दोन खिडक्यांची आहे आणि मराठवाड्यातील फार मोठा वारसा या दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीपाशी उभा आहे.

गावाच्या पांढरीत, वेशीपाशी, बारवेच्या काठावर, पिंपळाच्या पारावर ठेवलेल्या मूर्ती, वीरगळ व सतीशिळा यांचा विचार करावा. ही शिल्पे एकेकाळी मंदिराचा किंवा स्मारकस्थळाचा भाग होती. मूळ वास्तू नष्ट झाल्याने स्मारकांचा कायदा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. १९७२ च्या कायद्यातील नोंदणी मालकी वा ताबा असणाऱ्या व्यक्तीवर अवलंबून आहे. पारावरच्या वीरगळाचा मालक कोण? सर्व गावाचा म्हणून तो कोणाचाच नाही. त्याची नोंद करण्याचे नेमके उत्तरदायित्व कोणावर येत नाही. उद्या तो चोरीस गेला, तर तो तेथे होता हे सिद्ध करणारे छायाचित्रही अनेक गावांत मिळणार नाही. परदेशात गेलेली मूर्ती परत मिळविण्याच्या प्रकरणांत जुने, दिनांकित छायाचित्र हा निर्णायक पुरावा ठरतो, हे लक्षात घेता या उणिवेचे गांभीर्य कळते.

२००७ मध्ये स्मारके व पुरावस्तू यांसाठी राष्ट्रीय मिशन सुरू झाले. हस्तलिखितांसाठीचे मिशन त्यापूर्वी २००३ मध्येच सुरू झाले होते. ही पावले योग्य दिशेची होती, पण येथेही वास्तू, मूर्ती व पोथी यांच्या नोंदी स्वतंत्र राहिल्या. एखाद्या मठात इमारत, समाधी, मूर्ती, पोथ्यांचे बस्ते व मोडी कागद हे सारे एकाच जागी, एकमेकांच्या अर्थाने नांदत असते. मठाचे छप्पर गळू लागले की प्रथम पोथ्या भिजतात. छपराची काळजी एका खात्याकडे व पोथीची दुसऱ्याकडे असली, तर पोथी वाचत नाही.

४. वस्तू हलवावी काय? तेर व कंधारचा अनुभव :

यावर सर्वसाधारण उपाय सुचविला जातो तो संग्रहालयाचा. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावाच्या पांढरीत सापडणाऱ्या वस्तू निष्ठेने गोळा केल्या. त्यांच्या संग्रहातून तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. सातवाहनकाळात रोमशी असलेल्या व्यापारसंबंधांवर या संग्रहाने प्रकाश टाकला. संग्रह गावातच राहिला, हे त्याचे विशेष मोल होय. तो मुंबईस वा हैदराबादेस गेला असता, तर तेरच्या पांढरीशी असलेला त्याचा संबंध केवळ चिठ्ठीपुरता उरला असता.

तेथीलच दोन उदाहरणे परस्परांशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. त्रिविक्रम मंदिराची चापाकार विटांची वास्तू मूळची बौद्ध चैत्यगृह असल्याचे अभ्यासक मानतात. ती उत्तरकाळात वैष्णव मंदिर झाली. उपासना बदलली, पण वापर खंडित झाला नाही म्हणून विटांची इतकी प्राचीन वास्तू आज उभी आहे. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकट मात्र संग्रहालयात ठेवावी लागली. लाकूड उघड्यावर टिकणारे नव्हते, म्हणून तो निर्णय योग्यच होता. परंतु त्यामुळे मंदिराला आपले द्वार व द्वाराला आपले मंदिर अंतरले. वस्तू हलविणे हा कधी कधी अपरिहार्य उपाय असतो. तो विनामूल्य कधीच नसतो.

कंधारचा प्रश्न अधिक अवघड आहे. राष्ट्रकूट नृपती तिसरा कृष्ण याच्या काळातील शिलालेखामुळे या नगरातील मंदिरांची व दानधर्माची माहिती मिळते. त्या वैभवापैकी अनेक देवालये नाहीशी झाली व त्यांची शिल्पे परिसरात विखुरली. क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे भग्न अवयव हे त्यांतील सर्वांत लक्षणीय अवशेष होत. हे अवशेष बंदिस्त दालनात मावणारे नाहीत आणि मावले तरी तेथे त्यांचा अर्थ उणावेल. मूर्तीची भव्यता नगराच्या भव्यतेची निदर्शक आहे. ती ज्या भूमीवर उभी होती त्या भूमीशी जोडूनच तिचे आकलन होते. म्हणून मोठे अवशेष जागेवरच छत, चौथरा व पाण्याचा निचरा यांसह राखणे, लहान शिल्पे किल्ल्यातच नोंदणीकृत दालनात ठेवणे आणि प्रत्येकाचे मूळ सापडस्थान लिहून ठेवणे, असा मिश्र मार्ग अधिक ग्राह्य वाटतो.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला, उघड्यावरील शिल्पे असुरक्षित राहतात. हा आक्षेप खरा आहे. परंतु बंदिस्त इमारतही आपोआप सुरक्षित नसते. दिल्लीतील राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय २०१६ मध्ये आगीत भस्मसात झाले. रिओ द जानेरो येथील ब्राझीलचे राष्ट्रीय संग्रहालय २०१८ मध्ये जळाले तेव्हा जुना राजवाडा व त्यातील बहुतांश संग्रह एकाच रात्री गेला. दुसरा आक्षेप निधीचा आहे. महाराष्ट्र शासनाने २००७ मध्ये राज्य संरक्षित स्मारकांसाठी संगोपन योजना आखली व पुढे नळदुर्ग किल्ल्यासारखी स्मारके त्याखाली खासगी सहभागातून देखभालीस दिली गेली. अशा योजनांमुळे स्वच्छता व पर्यटन वाढते, हे मान्य केले पाहिजे. तथापि पर्यटकाला दिसणारे काम आणि वास्तूला लागणारे काम एकच नसते. बाग व दिवे दिसतात. पावसाळ्यापूर्वी मोकळी केलेली पन्हाळी व मुळासकट काढलेला पिंपळ कोणास दिसत नाही. निधीच्या वाटपात ही न दिसणारी कामे मागे पडू नयेत, एवढीच अपेक्षा आहे.

५. किल्लारीनंतरची मराठवाड्याची मानसिकता :

या प्रदेशातील जतनविचाराला १९९३ च्या भूकंपाचा संदर्भ टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व वर मातीचे जड माळवद अशी घरे प्रामुख्याने कोसळली. भिंतीचे आतले व बाहेरचे पदर एकमेकांना बांधणारे आरपार दगड नसणे, हा त्यांतील मुख्य दोष होता. बाहेरच्या भिंती ढासळल्या तरी लाकडी खांब व तुळया यांचा सांगाडा उभा राहिल्याची उदाहरणेही अभियंत्यांनी पाहिली. म्हणजे दोष दगडात नव्हता, रचनेत होता.

लोकमानसात मात्र दगड म्हणजे मृत्यू आणि सिमेंट म्हणजे सुरक्षितता हे समीकरण दृढ झाले. ज्यांनी आप्त गमावले त्यांना यासाठी दोष देता येणार नाही. परंतु या समीकरणाची किंमत ऐतिहासिक वास्तूंनी मोजली. वाडे पाडले गेले. वाड्यांबरोबर देवघरातील मूर्ती, पोथ्या, मोडी दफ्तरे व नक्षीदार तुळया मोडीत निघाल्या. चुन्याची घाणी बंद झाली, चुन्यात गूळ-हिरडा घालून काम करणारे गवंडी दुर्मीळ झाले. आज संवर्धनासाठी निधी मंजूर झाला तरी हे काम जाणणारे हात बाहेरून आणावे लागतात. कारागिरी हीसुद्धा वारशाचाच भाग आहे, ही जाणीव जतनविषयक लेखनात फार उशिरा आली.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात झालेल्या अतिवृष्टीने व पुराने आणखी एक संकट समोर आणले. अशा वेळी माणसे व जनावरे वाचविणे हेच पहिले कर्तव्य असते, याविषयी दुमत नाही. पण पूर ओसरल्यावर काय वाहून गेले, काय गाळात गाडले गेले, हे ठरविण्यासाठी आधीची नोंद लागते. ती नसेल तर हानीचा अंदाजही करता येत नाही.

६. महाविद्यालयांचे उत्तरदायित्व :

येथे महाविद्यालयीन प्राध्यापकवर्गाचा संबंध येतो. पुरातत्त्व विभागाचे मनुष्यबळ मर्यादित आहे. याउलट जवळजवळ प्रत्येक तालुक्यात महाविद्यालय आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाल्यापासून नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या जिल्ह्यांत उच्च शिक्षणाचे जाळे विस्तारले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्पाला स्थान मिळाले आहे. तरीही वारसा हा विषय इतिहास विभागाच्या सहलीपुरता राहतो. चर्चासत्रांत त्याच मंदिराचे तेच वर्णन पुन्हा वाचले जाते आणि मंदिराचा तडा मात्र दरवर्षी थोडा रुंदावत राहतो.

हे काम स्वभावतःच बहुविद्याशाखीय आहे. वास्तूचे व शिल्पांचे स्थाननिश्चितीसह नकाशे भूगोल विभाग करू शकतो. क्षार व ओल यांचे परीक्षण रसायनशास्त्राचे, तर सांध्यांत वाढणाऱ्या वनस्पतींचे वनस्पतिशास्त्राचे काम आहे. या सीमाभागातील लेख व कागद मराठी, कन्नड, फारसी व उर्दू अशा अनेक भाषांतील असल्याने भाषा विभागांची गरज आहे. शिल्पाला गावात कोणत्या नावाने ओळखतात, त्याची पूजा कोण करतो, त्याविषयी कोणती कथा सांगितली जाते, ही माहिती समाजशास्त्र व मराठी विभाग गोळा करू शकतात. दुरुस्ती मात्र महाविद्यालयाने हाती घेऊ नये. ते प्रशिक्षित संवर्धकाचे कार्य आहे. उत्साही विद्यार्थ्यांनी ब्रश व आम्ल घेऊन केलेली स्वच्छता शतकांच्या पावसाहून अधिक हानी करू शकते.

निष्कर्ष :

१. वारशाच्या दुरवस्थेचे मूळ केवळ अज्ञानात व अनास्थेत नसून वास्तू व वस्तू यांची फारकत करणाऱ्या व्यवस्थेत आहे.

२. जुना जीर्णोद्धार आणि आधुनिक जतन हे परस्परविरोधी नाहीत. शिल्लक असलेले मूळ द्रव्य राखणे आणि नवे काम नवे म्हणून दिसू देणे, ही दोहोंची समान कसोटी मानता येते.

३. वस्तू जागेवर ठेवावी की हलवावी, याचे एकच उत्तर नाही. द्रव्य, आकार, उपासना व धोका पाहून निर्णय करावा आणि हलविल्यास मूळ स्थानाची नोंद अवश्य ठेवावी.

४. तालुकानिहाय वारसा-नोंदवही हे पहिले पाऊल ठरावे. एका वास्तूचे एक पान आणि त्याच पानावर तिच्यातील प्रत्येक मूर्ती, लेख व पोथीची दिनांकित छायाचित्रांसह नोंद, असे तिचे स्वरूप असावे. पावसाळ्यापूर्वी व नंतर ती तपासावी. तिची एक प्रत ग्रामपंचायतीकडे, एक पुरातत्त्व विभागाकडे व एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात राहावी.

या सूचनांपैकी शेवटच्या सूचनेस विशेष निधी लागत नाही, परवानगीची प्रतीक्षाही फारशी करावी लागत नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी एका तालुक्यातील एका महाविद्यालयाने दहा गावांपुरती जरी अशी नोंदवही पूर्ण केली, तरी पारावरच्या त्या बेवारस वीरगळाला निदान कागदावर एक ठिकाण मिळेल. पुढील जतनाचा प्रत्येक विचार तेथून सुरू होऊ शकतो.